नाकाला न कळणारा वायू : कचराभूमीतून हवेत नेमकं काय जातं?

कचराभूमीजवळून जाताना माणूस आधी नाकाला रुमाल लावतो. गाडीत असेल तर काच वर करतो, पायी असेल तर झपाझप पावलं टाकतो, आणि वास मागे पडला की हवा स्वच्छ झाली असं धरून चालतो. इथेच गफलत होते. ज्या वायूंमुळे तो वास येतो, त्यांचं प्रमाण कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या एकूण वायूत सहसा एक टक्क्याच्या आतबाहेर असतं. बाकी जवळजवळ सगळा भाग मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड या दोन वायूंचा, साधारण निम्मा-निम्मा. या दोघांनाही रंग नाही आणि वासही नाही. नाकाला कळतो तो या गोष्टीचा लहानसा तुकडा. उरलेली गोष्ट समजून घ्यायची, तर ढिगाच्या पोटात शिरावं लागेल.

ढिगाच्या पोटात

फळाची साल उघड्यावर टाकली तर ती काही आठवड्यांत कुजून मातीत मिसळते. हवेतला ऑक्सिजन वापरणारे जीवाणू ती खातात. त्यातून थोडी उष्णता, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन हवेत परत गेला, इतकंच.

तीच साल कचराभूमीत गेली की तिचं नशीब बदलतं. तिच्यावर आणखी कचरा पडतो, वरून अवजड यंत्रं फिरून तो दाबतात, मग पुढचा थर येतो. दबलेल्या थरांत अडकलेला ऑक्सिजन जीवाणू काही दिवसांत संपवून टाकतात. आत नवी हवा येत नाही. मग ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. त्यांतले काही पिष्ट, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ फोडून त्यांची आम्लं करतात. या काळात ढीग आतून आंबट होतो आणि खालून झिरपणारं काळं पाणी सगळ्यात जहाल असतं. आम्लता थोडी उतरली की शेवटचे पाहुणे येतात: मिथेन तयार करणारे आर्किया. हे जीवाणू नव्हेत, जीवसृष्टीची ती वेगळीच आणि फार जुनी शाखा आहे. ऑक्सिजन त्यांना मानवत नाही. तो मिळाला तर त्यांचं काम थांबतं. दबलेला, ओला, अंधारा ढीग म्हणजे त्यांच्यासाठी आयतं घर.

एकदा हा टप्पा सुरू झाला की तो लवकर आटोपत नाही. कचरा टाकणं थांबल्यावरही मिथेन दशकानुदशकं निघत राहतो, हळूहळू कमी होत.

आता एक उलटं वाटेल असं सत्य. कचऱ्याच्या डोंगराचं चित्र डोळ्यांपुढे आणलं की आपल्याला प्लास्टिक दिसतं, पण मिथेनशी प्लास्टिकचा जवळजवळ काही संबंध नाही, कारण ते कुजतच नाही. मिथेन तयार होतो तो आपण निरुपद्रवी समजतो त्या गोष्टींपासून: उरलेलं अन्न, भाज्यांची देठं, पालापाचोळा, कागद, पुठ्ठा, लाकूड, सुती कापड. "हे तर नैसर्गिक आहे, कुजून जाईल" असं म्हणून आपण जे निर्धास्तपणे टाकतो, तेच दाबून पुरल्यावर सगळ्यात जास्त त्रास देतं.

सगळं सारख्या वेगानेही कुजत नाही. अन्न झपाट्याने कुजतं, लाकूड फार सावकाश. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथ्जे यांनी १९७३ मध्ये कचऱ्याचाच अभ्यास सुरू केला आणि पुढे कचराभूमी रीतसर खणून पाहिल्या. कित्येक दशकांपूर्वी पुरलेली वर्तमानपत्रं त्यांना वाचता येतील अशा अवस्थेत मिळाली. ओलावा नसेल तर आत कुजणं जवळपास थांबतं. पाऊस जास्त आणि कचरा ओला असेल, तर तीच प्रक्रिया वेगाने होते.

मिथेन बाहेर पडल्यावर

मिथेन हा हरितगृह वायू आहे, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. किती जोरकस? शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो पृथ्वी सुमारे २८ पट जास्त तापवतो. वीस वर्षांचा हिशोब धरला तर ८० पटींहून जास्त. दोन आकड्यांत एवढा फरक, कारण मिथेन हवेत फार टिकत नाही. साधारण बारा वर्षांत त्याचं विघटन होतं. जितका काळ असतो तितका काळ मात्र जबरदस्त तापवतो. मला यात आशेची जागा दिसते. आज मिथेन कमी केला तर त्याचा परिणाम नातवंडांच्या काळाची वाट पाहत नाही, तो आपल्या हयातीत दिसतो.

पण हा लेख हवेच्या प्रदूषणाबद्दल आहे, मग हवामानबदल मध्येच कुठून आला? दुवा आहे तो ओझोनचा. उंचावरच्या थरातला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, पण तोच जमिनीलगत तयार झाला तर फुफ्फुसांना जाळतो, दमा बळावतो आणि पिकांचं उत्पादन घटवतो. वाहनं आणि कारखान्यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, सूर्यप्रकाश आणि मिथेनसारखे कार्बनी वायू एकत्र आले की हा खालचा ओझोन बनतो. मिथेनची ही क्रिया मंद असते, त्यामुळे परिणाम कचराभूमीच्या कुंपणापाशी न दिसता हजारो मैलांवर पसरतो. एका शहराने पुरलेला कचरा दुसऱ्याच खंडातल्या शेतकऱ्याच्या पिकावर उतरू शकतो.

माणसाच्या कामांमुळे हवेत जाणाऱ्या एकूण मिथेनपैकी सुमारे पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाणी यांतून येतो. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या शहरांनी २०१६ साली २.०१ अब्ज टन घनकचरा निर्माण केला, आणि २०५० पर्यंत तो ३.४० अब्ज टनांवर जाईल असा अंदाज आहे. त्यातला सुमारे एक तृतीयांश कचरा कुठल्याही व्यवस्थेविना उघड्यावर टाकला जातो.

वायू जमिनीखालूनही चालतो

ढिगातला वायू फक्त वर जातो असं नाही. वरचा थर घट्ट असेल, चिखलाने किंवा पावसाने बंद झाला असेल, तर तो आडवा सरकतो. खडकांच्या भेगांतून, जुन्या नळांच्या कडेने. २४ मार्च १९८६ रोजी इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातल्या लॉस्को या गावी एक बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला. आतले तिघे जखमी झाले. शेजारी पुरलेल्या कचऱ्याच्या भरावातला मिथेन जमिनीखालून येऊन घराखाली साचला होता. त्या रात्री हवेचा दाब काही तासांत झपाट्याने उतरला होता. बाहेरचा दाब कमी झाला की ढिगातला वायू बाटलीचं झाकण उघडल्यासारखा उसळून बाहेर येतो. वादळापूर्वी कचराभूमीचा वास वाढल्याचं आसपासचे लोक सांगतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी पुरते. १९९३ साली इस्तंबूलमधल्या उमरानिये इथल्या कचऱ्याच्या डोंगरात असाच स्फोट झाला, ढीग कोसळला आणि पायथ्याच्या घरांमधली ३९ माणसं गेली. ती घरं तिथे होती, कारण दुसरीकडे राहणं त्यांना परवडत नव्हतं. हवेच्या प्रदूषणाचा विचार करताना ढिगाच्या पायथ्याशी कोण राहतं, हा प्रश्न मला कधीच बाजूला ठेवता येत नाही.

तो एक टक्का

आता वासाकडे वळू, कारण प्रमाण कमी असलं तरी हा भाग क्षुल्लक नाही.

सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. आपलं नाक तो अब्जात काही भाग इतक्या अत्यल्प प्रमाणातही ओळखतं. बांधकामाच्या राडारोड्यातले जिप्समचे पत्रे ओल्या कचऱ्यात मिसळले की हा वायू भरमसाट तयार होतो, कारण जिप्सममधल्या सल्फेटवर जगणारे जीवाणू तिथे माजतात. या वायूची सगळ्यात घातक गोष्ट अशी, की प्रमाण फार वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. बंद खड्ड्यात किंवा टाकीत उतरणारे कामगार याला बळी पडतात. वास गेला म्हणजे धोका टळला, हा समज इथे जीवघेणा ठरतो.

अमोनियाचा वास तिखट, डोळ्यांत झोंबणारा. हवेतल्या आम्लांशी संयोग होऊन त्याचे सूक्ष्म कण बनतात. मग येतात रंग, सॉल्व्हंट, गोंद, कीटकनाशकं, सफाईची द्रावणं यांतून उडणारे सेंद्रिय वायू: बेंझीन, टोल्युईन, व्हिनाइल क्लोराइड. यांतला व्हिनाइल क्लोराइड काही वेळा आतच तयार होतो. धातू आणि कपडे स्वच्छ करण्याच्या क्लोरीनयुक्त द्रावणांना जीवाणू फोडतात आणि मूळ पदार्थाहून घातक असा हा वायू मागे राहतो. बेंझीन आणि व्हिनाइल क्लोराइड, दोन्हींमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. फुटलेल्या ट्यूबलाइट आणि तापमापकांतला पारासुद्धा वाफेच्या रूपात थोडाथोडा वर येतो.

एक किरकोळ वाटणारी, पण मला नेहमी चकित करणारी बाब: शांपू आणि सौंदर्यप्रसाधनांतले सिलिकॉनयुक्त पदार्थही ढिगातून वायुरूपाने निघतात. हा वायू इंजिनात जाळून वीज तयार करायला गेलं, की त्यांची वाळूसारखी पांढरी पूड इंजिनाच्या आत जमते आणि यंत्र झिजवते.

धूर

हे सगळं ढीग नुसता कुजत असताना. तो पेटला की चित्र कितीतरी बिघडतं.

आग लागायला काडी लागतेच असं नाही. कुजताना उष्णता निर्माण होते आणि जाड थरांतून ती बाहेर पडत नाही. मिथेन हाताशी असतोच. ढिगाला भेग पडली, कड खचली, आत थोडी हवा शिरली की कचरा धुमसू लागतो. अलीकडे फेकून दिलेल्या लिथियम बॅटऱ्यांची भर पडली आहे. यंत्राखाली चिरडल्या की त्या भडकतात. आणि काही ठिकाणी आग मुद्दाम लावली जाते: ढिगाची उंची कमी व्हावी म्हणून, किंवा तारा जाळून आतलं तांबं काढता यावं म्हणून.

धुमसणं हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. भरपूर हवा आणि प्रखर ज्वाला असेल तर ज्वलन बऱ्यापैकी पूर्ण होतं. ढिगात ऑक्सिजन अपुरा, कचरा ओला, तापमान कमी. म्हणून सगळं अर्धवट जळतं आणि अर्धवट जळालेलंच सगळ्यात विषारी असतं. कार्बन मोनॉक्साइड, काजळी, कर्करोगकारक डांबरी संयुगं असं सगळं त्या धुरात असतं. पीव्हीसीचे नळ, तारांची आवरणं, रेक्झिन यांत क्लोरीन असतो. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि साधारण २०० ते ४५० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात डायॉक्सिन तयार होतात. नेमका हाच पट्टा धुमसत्या कचऱ्याला सहज मिळतो. डायॉक्सिनपैकी सर्वांत विषारी संयुगाला कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९७ साली माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरवलं. ते श्वासातून जितकं येतं, त्याहून जास्त गवतावर बसून, जनावराच्या चरबीत आणि दुधात साठून आपल्या ताटात येतं. धूर विरला तरी त्याचा हिशोब संपत नाही.

आणि सूक्ष्म कण. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. नाकातले केस आणि घशातला ओलावा मोठी धूळ अडवतो, हे कण मात्र फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात आणि त्यांतले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात. हृदयविकार, पक्षाघात, दमा, फुफ्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध पक्का झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. कारखान्याच्या उंच धुराड्यातला गरम धूर निदान वर तरी चढतो. कचऱ्याचा धूर तितका तापलेला नसतो, म्हणून तो जमिनीलगत रेंगाळतो. रात्री थंड हवेचा थर खाली बसला की तो आसपासच्या वस्त्यांतच अडकून पडतो, लोक झोपलेले असताना. दिवसभर ढिगावर वाकून काम करणाऱ्या कचरावेचकांना तर त्यापासून दूर जायची सोयच नसते. आपण टाकलेल्यातून कामाचं वेचून काढणारे हे लोक शहराचा ढीग कमी करतात आणि धुराचा पहिला घास तेच गिळतात. ही गोष्ट मला मनापासून अन्यायाची वाटते.

अशी आग विझवणं महाकठीण. वरून पाणी मारलं तर ते वाट मिळेल तिकडून वाहून जातं, निखाऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि खाली विषारी पाणी मात्र वाढवतं. जळता भाग खणून, पसरून, थंड करून मातीने झाकावा लागतो. खोलवर पोचलेली धग वर्षानुवर्षं टिकू शकते. अमेरिकेत सेंट लुईस शहराजवळच्या ब्रिजटन कचराभूमीत २०१० च्या अखेरीस जमिनीखाली तापमान वाढू लागल्याचं लक्षात आलं. ती प्रक्रिया पुढे अनेक वर्षं चालू राहिली.

मोजायचं कसं?

कचराभूमी म्हणजे धुराडं नव्हे, की तोंडाशी यंत्र बसवलं आणि आकडा मिळाला. वायू कित्येक एकरांवरून, भेगांतून, कडांमधून, दाबाप्रमाणे कमी-जास्त निघतो. म्हणून आजवर बहुतेक ठिकाणी किती कचरा आला, त्यात ओला किती, हवामान कसं यावरून गणिताने अंदाज बांधले गेले. आता विमानं आणि उपग्रह मिथेनचे लोट थेट टिपू लागले आहेत. अमेरिकेतल्या दोनशेहून अधिक कचराभूमींची २०१६ ते २०२२ या काळात विमानांतून पाहणी झाली. निम्म्याहून जास्त ठिकाणी मोठे लोट दिसले आणि मोजलेलं उत्सर्जन कागदावर नोंदवलेल्यापेक्षा सरासरी १.४ पट भरलं. जिथे नियम आहेत, नोंदी आहेत, यंत्रणा आहे, तिथली ही स्थिती.

उपाय कुठे लागू पडतो

चांगल्या कचराभूमीत तळाशी अस्तर असतं, रोजच्या कचऱ्यावर मातीचा थर पडतो आणि ढिगात भोकं पाडलेले नळ उभे केलेले असतात. पंप त्यातून वायू ओढतो. मग तो जाळून टाकतात किंवा इंजिनात वापरून वीज काढतात. मिथेन जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करणं हा सौदा विचित्र वाटतो, पण वरचे आकडे पाहता फायद्याचा आहे. पंप मात्र बेताने चालवावा लागतो. जास्त ओढला तर वरून हवा आत येते आणि आगीला निमंत्रण मिळतं.

वरची मातीसुद्धा नुसतं झाकण नसते. तिच्यात मिथेन खाऊन जगणारे जीवाणू असतात. सैल, ओलसर, कंपोस्ट मिसळलेली माती असेल तर वर येणारा बराच मिथेन ते वाटेतच संपवतात. जपानमध्ये फुकुओका विद्यापीठ आणि तिथल्या नगरप्रशासनाने १९७० च्या दशकात आणखी एक साधी पद्धत विकसित केली. तळाशी मोठ्या व्यासाचे नळ घालून त्यांची तोंडं उघडी ठेवायची. खालचं पाणी वाहून जातं आणि आतल्या उष्णतेमुळे बाहेरची हवा आपोआप नळांतून ढिगात ओढली जाते. ऑक्सिजन मिळाल्यामुळे मिथेन कमी तयार होतो. पंप लागत नाही, म्हणून पैसा कमी असलेल्या देशांतही ही पद्धत पोचली.

तरीही या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे आणि ती वेळेची आहे. अन्न लवकर कुजतं. नळ बसेपर्यंत त्याचा बराचसा वायू निघून गेलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये याचा हिशोब मांडला. तिथे पुरल्या जाणाऱ्या शहरी कचऱ्यात अन्नाचा वाटा सुमारे २४ टक्के, पण कचराभूमीतून निसटणाऱ्या मिथेनमध्ये तो ५८ टक्के. आणि अन्नापासून बनलेल्या मिथेनपैकी ६१ टक्के नळांच्या हाती लागतच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ढिगावर कितीही यंत्रं बसवा, ओला कचरा तिथे जाऊ न देणं याला तोड नाही. दक्षिण कोरियाने २००५ साली अन्नकचरा थेट पुरण्यावर बंदी घातली, जर्मनीने त्याच वर्षी प्रक्रियेविना शहरी कचरा पुरणं थांबवलं. वेगळ्या काढलेल्या ओल्या कचऱ्याचं खत होतं, किंवा बंद टाकीत तोच मिथेन मुद्दाम तयार करून इंधन म्हणून वापरता येतो. खताचा ढीग वर-खाली केला नाही, हवा मिळाली नाही, तर तिथेही थोडा मिथेन बनतो. पण दाबून पुरलेल्या कचऱ्याच्या मानाने तो फारच कमी. सुक्यात ओलं मिसळलं नाही की कागद, प्लास्टिक, धातूही पुन्हा वापरण्याजोगे राहतात, आणि जळण्यासाठी ढिगात उरतं ते कमी.

आधीच उभ्या असलेल्या डोंगरांचं काय, हा प्रश्न राहतोच. ढीग उकरून, चाळून माती, प्लास्टिक, दगड वेगळे करता येतात, मात्र उकरताना साचलेला वायू, धूळ आणि बुरशीचे कण एकदम मोकळे होतात. म्हणून ते काम वाऱ्याची दिशा पाहून, पाणी शिंपडत, टप्प्याटप्प्याने करावं लागतं. ढीग तिथेच ठेवून झाकायचा ठरवला, तर नळ आणि पंप पुढे दशकानुदशकं चालू ठेवावे लागतात. अमेरिकेत बंद झालेल्या कचराभूमीची देखरेख साधारणपणे तीस वर्षं करण्याची सक्ती आहे. वर हिरवळ उगवलेली असते, कधी मुलं खेळत असतात, आणि कडेच्या एका लहानशा खोलीत पंप अजून वायू ओढत असतो.